पखवाज गाडीत फुगतो, फोनवर गायब होतो: घरच्या रेकॉर्डिंगमधला खर्ज कसा आवरायचा?

अभंगरंग

नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाचे सहा अभंग घरीच रेकॉर्ड केले आहेत. गायक, पेटी, तानपुरा आधी. मग त्यावर तबला, पखवाज आणि टाळ एकेक करून. खोली पुण्यातल्या फ्लॅटमधली नेहमीची, १० बाय ११ फूट, उंची साडेनऊ फूट. भिंतींवर दोन इंची फोम चिकटवलाय. पंख्याचा आवाज येतो म्हणून तो बंद, एसी हळू चालू.

अडचण अशी. हेडफोनवर सगळं छान वाटतं. गाडीत लावलं की पखवाजाची धूम (डाव्या तोंडाचा खोल आवाज) मधूनच इतकी फुगते की गाण्याचे शब्द बुडतात. तेच फोनवर ऐकलं तर पखवाज नुसता टकटक वाजतो, धूम नाहीच. मास्टर ट्रॅकवर ६० हर्ट्झला ४ डीबी कमी करून पाहिलं, फुगवटा हलला नाही. लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन) लावला तर प्रत्येक मोठ्या 'धा'ला पेटी खाली दबते आणि परत वर येते.

कार्तिकी एकादशीच्या आधी यूट्यूबवर टाकायचंय, शिवाय गावच्या देवळात पेनड्राइव्हवरून कर्ण्यावर लावणार आहेत. मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) बाहेर दिलं तर हे तिथे दुरुस्त होतं का? मंडळातल्या सगळ्यांनी मनापासून म्हटलंय, ते तसंच लोकांपर्यंत पोचावं एवढीच इच्छा आहे.

फेडर_वर

सल्ला देण्याआधी तीन गोष्टी सांगा. फुगवटा सहाही अभंगांत आहे का? पखवाजवादक खोलीत नेमके कुठे बसले होते? माइक कुठला आणि किती अंतरावर?

अभंगरंग

तुमचा प्रश्न वाचून सगळे पुन्हा लावून ऐकले. पहिल्या चारांत जवळजवळ नाही. शेवटच्या दोनांत आहे, आणि त्यातही दुसऱ्यात जास्त. ते दोन जेवणानंतर घेतले. माइक तोच, साधा कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त घेणारा) कंडेन्सर, डाव्या तोंडापासून साधारण ६ इंच. वादक गालिचा टाकून कोपऱ्यात बसले होते, कारण बाकी जागेत टेबल आणि कपाट आहे.

एक फरक आठवला. पहिले चार काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) आहेत. शेवटचे दोन दुसऱ्या गायकाने काळी दोनमध्ये म्हटलेत. पखवाज तोच, गट्टे ठोकून चढवला.

खर्जसाधक

काळी दोन म्हणालात तिथेच याचं उत्तर आहे. जरा आकडेमोड करू.

ध्वनीचा वेग साधारण ३४६ मीटर प्रतिसेकंद धरा. दोन समांतर भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी मावते ती लहर तिथे अडकून घुमत राहते. ११ फुटांत ती येते ५२ हर्ट्झला, १० फुटांत ५७ ला, उंचीत ६० ला. हे तिन्ही मोड (अशा अडकून घुमणाऱ्या लहरी) एकमेकांना इतके चिकटून आहेत, कारण तुमची खोली जवळजवळ ठोकळ्यासारखी चौरस आहे. आपल्याकडच्या बहुतेक बेडरूम अशाच असतात. त्यानंतर चार-चार पृष्ठभागांमध्ये फिरणारे मोड: लांबी-रुंदीचा ७७, लांबी-उंचीचा ७९, रुंदी-उंचीचा ८३. म्हणजे ५२ ते ६० एक डोंगर, ७७ ते ८३ दुसरा डोंगर, आणि मध्ये ६० ते ७७ जवळपास मोकळं मैदान.

आता पखवाज. डावं तोंड साधारण खर्जाच्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, षड्जाला लावतात. काळी एकचा खर्ज षड्ज ६९ हर्ट्झ. मोकळ्या मैदानात पडला, म्हणून पहिले चार अभंग वाचले. काळी दोनचा खर्ज षड्ज ७८ हर्ट्झ. तो सरळ दुसऱ्या डोंगरावर चढला. तुम्ही ६० ला कापत होतात आणि फुगवटा ७८ ला बसलाय.

वर वादक कोपऱ्यात. कोपऱ्यात प्रत्येक मोडचा दाब सर्वांत जास्त असतो. तिथे वाद्य ठेवलं की ते सगळेच मोड जोरात चेतवतं, आणि माइकही तिथेच असल्याने तेच जोरात उचलतो. त्यात ६ इंचांवरचा कार्डिऑइड. दिशा धरणारा कुठलाही माइक स्रोताजवळ नेला की खालचे स्वर आपोआप वाढवतो. म्हणजे एकाच 'धा'वर तीन फुगवटे, एकावर एक.

भिंतीवरच्या फोमबद्दलही बोलायला हवं, कारण त्यावर लोकांचे पैसे खूप जातात. सच्छिद्र पदार्थ लहरीला नीट शोषतो तो त्याची जाडी लहरीच्या पावभागाच्या जवळ गेली की. ७८ हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेचार मीटरच्या आसपास, तिचा पावभाग एक मीटरहून जास्त. दोन इंची फोमचा तिथे काही उपयोग नाही. तो टाळांची चमक मात्र शोषतो, त्यामुळे खोली वर मुकी आणि खाली बोंबलणारी होते. अंड्यांचे ट्रे तर त्याहून निरुपयोगी.

मृदंगसेवा

खर्जसाधक यांनी सांगितलं ते पटलं. वादक म्हणून एक भर घालतो. शेवटच्या दोनांपैकी दुसऱ्यात फुगवटा जास्त का, तर कणीक.

पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, बसण्याआधी ओली कणीक लावतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्या वजनाने तोंडाचा सूर खाली येतो. जास्त कणीक, जास्त खर्ज. पण ती सुकते. एसी चालू असेल तर फार लवकर सुकते, कडा उलायला लागतात, पाणी गेलं की वजन कमी होतं आणि सूर चढतो. चामडंही कोरड्या हवेत ताणलं जातं. म्हणजे ७८ ला लावलेला 'धा' शेवटच्या अभंगापर्यंत ८० च्या पुढे सरकला असणार.

कार्यक्रमात आपण दोन अभंगांच्या मध्ये बोट ओलं करून कणकेवर फिरवतो, लागली तर चिमूटभर वाढवतो. रेकॉर्डिंगला घाई असते, माइकवाला "चालू" म्हणतो, आणि हे राहून जातं. माझी पद्धत सांगतो: कणीक थोडी सैलसर भिजवायची, झाकून ठेवायची, प्रत्येक अभंगाआधी तानपुऱ्याशी धूम मिळवून पाहायची, आणि टेक लांबला तर मध्ये थांबायचं. थांबायला लाजू नये. उजव्या बाजूची शाई (काळा लेप) वादक दहा वेळा तपासतो, डाव्या बाजूकडे मात्र दुर्लक्ष होतं.

बीटवाला

दोन अभंगांसाठी एवढा खटाटोप कशाला? ७८ ला डायनॅमिक ईक्यू (ठरावीक स्वर कमी-जास्त करायचं साधन) लावा, फुगलं की आपोआप कमी होईल. मी ढोलकीला नेहमी हेच करतो.

खर्जसाधक

बीटवाला, वादक परत येऊच शकत नसतील तर हाच मार्ग आणि तो वाईट नाही. पण त्याची मर्यादा सांगतो. खोलीचा मोड पातळी वाढवतो तसा तो शेपूटही लांबवतो. ठोका थांबला तरी ७८ हर्ट्झ खोलीत रेंगाळतच राहतो. ईक्यूने ठोका आणि शेपूट दोन्ही खाली येतात, पण शेपटाची लांबी ठोक्याच्या मानाने तेवढीच राहते. त्यामुळे दुगुनीत (दुप्पट लयीत) 'धा'ला 'धा' चिकटतात आणि बोल स्पष्ट होत नाहीत.

तबल्याच्या डग्ग्यावर तर ही गोष्ट आणखी अवघड. डग्गा एका सुरावर थांबत नाही. मनगटाच्या दाबाने 'घे'ची मींड खालून वर सरकते, आणि सरकताना वाटेत खोलीचा डोंगर लागला की तेवढ्याच क्षणी 'घे' उसळतो. वादकाने सफाईने घेतलेली मींड मध्येच सुजल्यासारखी ऐकू येते. तिथे एका जागी कापलं तर मींडेला भोक पडतं. मींड ही त्या वाद्याची बोली आहे, ती जपायची असेल तर इलाज माइक आणि खोलीच्या पातळीवरच करायला हवा.

माझं मत ठाम आहे: खालच्या स्वरांचं जे काही बिघडतं ते नव्वद टक्के वेळा माइक लावतानाच बिघडतं. मास्टरिंगवाल्याकडे एकच स्टिरिओ फाइल असते. तो ७८ ला हात लावेल तेव्हा पखवाजाबरोबर तानपुऱ्यालाही हात लागणार. म्हणून ते दोन अभंग बाहेर पाठवण्याआधी पखवाज पुन्हा घ्या. सूर बदलता येणार नाही, जागा बदलता येते. लांबी आणि रुंदी दोन्हीकडून साधारण एक-तृतीयांशावर बसवा. तिथे ७७ च्या मोडचा दाब कोपऱ्याच्या पावपट असतो. अगदी मध्यभागी नको, तिथे ५२ आणि ५७ पूर्णच गायब होतात आणि डग्गा पोकळ वाटतो. माइक १२ ते १४ इंच मागे घ्या. दार उघडं ठेवा. खालचे स्वर बाहेर निघून जातात हे फायद्याचंच.

फेडर_वर

माइकबद्दल आणखी एक. दोन माइक लावणार असाल, एक शाईला आणि एक धुमेला, तर दुसऱ्याची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून दोन्ही प्रकारे ऐका. पखवाज काय, ढोलकी काय, आत एकच हवा आहे. डाव्या तोंडावर थाप पडली की ते आत जातं, आणि आतल्या हवेने उजवं तोंड बाहेर ढकललं जातं. दोन माइकांना एकाच क्षणी उलटे दाब मिळतात, आणि मिसळल्यावर नेमका खर्जच एकमेकांना खाऊन टाकतो. ज्या बाजूला बटण ठेवल्यावर धूम भरीव होते ती बरोबर. मोनोत ऐकून ठरवा. याला पैसे लागत नाहीत आणि कित्येक "पातळ" रेकॉर्डिंगचं कारण एवढंच असतं.

आणि स्टँड फरशीवर ठेवा, गालिच्याखाली फळी किंवा पाट असेल तर काढा. मांडी हलली तरी ते माइकमध्ये १५-२० हर्ट्झची ढकल म्हणून उतरतं.

स्वरदा

धागा वाचतेय, खूप शिकायला मिळालं. माझ्याकडे पाच इंची स्पीकर आहेत, टेबल भिंतीपासून बरंच पुढे ओढलंय कारण "भिंतीजवळ बास वाढतो" असं वाचलं होतं. पण मला डग्गा नेहमी कमीच ऐकू येतो आणि मी तो वाढवते. मग बाहेर तो जास्त होतो. स्पीकर छोटे म्हणून असेल का?

खर्जसाधक

स्वरदाताई, किती पुढे ओढलंय ते मोजा. स्पीकर मागच्या भिंतीपासून ३ फुटांवर असेल तर भिंतीवरून परत येणारी लहर ९५ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला उलटी भेटते आणि तिथे खड्डा पडतो. ९५ म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्याचीच जागा. तुम्ही तो खड्डा भरायला डग्गा वाढवता, आणि तो खड्डा फक्त तुमच्या खोलीत आहे, ऐकणाऱ्याकडे नाही. ईक्यूने असा खड्डा भरत नाही, वाढवलेलंही तितकंच उलटं होऊन परत येतं.

स्पीकर भिंतीला जवळ न्या, २० सेंटीमीटरच्या आत. खड्डा ४०० च्या वर सरकतो, आणि तिथे मागे चार इंची रॉकवूल (आवाज शोषणारी तंतूंची गादी) लावलं की तो बराच आटोक्यात येतो. एकूण बास थोडा वाढेल, तो स्पीकरच्या मागच्या स्विचने कमी करता येतो. ऐकायची खुर्ची लांबीच्या ३८ टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा, तुमची खोली ११ फूट असेल तर समोरच्या भिंतीपासून सव्वाचार फूट. मग पुढे-मागे सरकून पाहा. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एखादा मोजमापाचा माइक मित्राकडून आणा आणि २० ते २०० हर्ट्झची स्वीप (खालून वर सरकणारा चाचणीचा सूर) घ्या. एकदा स्वतःच्या खोलीचा आलेख पाहिला की बरेच जुने गोंधळ सुटतात.

आणि हळू आवाजात बासचा निर्णय घेऊ नका. आपला कान हळू आवाजात खालचे स्वर फार कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलंय. रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज कमी करून केलेलं मिक्स सकाळी जड निघतं ते यामुळे.

जुनी_तबकडी

फोनवर धूम गायब होते याबद्दल लिहितो, कारण हा प्रश्न जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या नादात असलेल्या आम्हाला चांगला ओळखीचा आहे.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित करत होते तेव्हा माइक नव्हताच. कर्ण्यात गायचं, त्या दाबाने सुई हलायची. साधारण २५० हर्ट्झच्या खालचं त्यात जवळजवळ काही उतरत नसे. विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं १९२५ नंतर. म्हणजे त्या आधीच्या तबकड्यांत डग्ग्याचा मूळ सूर नाहीच. तरी कान लावून ऐकलं तर ठेका कळतो, 'घे' आणि 'के' वेगळे कळतात. मूळ सूर नसला तरी त्याचे वरचे उपस्वर असतील तर कान खालचा सूर स्वतः भरून काढतो.

आपल्या वाद्यांना यात मोठी साथ आहे. शाईमुळे चामड्याचे उपस्वर सुरेल नात्यात येतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये मांडलं होतं. डाव्या तोंडाचे उपस्वर उजव्याइतके काटेकोर नसतात, पण वर बरंच काही असतं. फोनचा स्पीकर साधारण ३०० च्या खाली फारसं देत नाही. म्हणून फोनसाठी ७८ वाढवणं व्यर्थ आहे, त्याने गाडीत फक्त गोंगाट वाढेल. वाढवायचेत ते उपस्वर.

फेडर_वर

अगदी. करायची पद्धत: पखवाजाच्या ट्रॅकची नक्कल काढा, त्यावर टेप किंवा ट्यूबसारखं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटवून उपस्वर वाढवणं) द्या, मग त्या नकलेवर १५० च्या खालचं काढणारा हाय-पास, २ हजारांच्या वरचं काढणारा लो-पास. मूळ ट्रॅकखाली ती हळूच मिसळा, फोनवर धूम जाणवायला लागली की थांबा. ती नक्कल एकटी ऐकली तर खरखरीत वाटेल, तिकडे लक्ष देऊ नका.

आता लिमिटर. पेटी दबते कारण लिमिटरला सर्वांत मोठा धक्का पखवाजाचा बसतो आणि तो सगळ्याच आवाजाला खाली ओढतो. खालच्या स्वरांना तेवढंच मोठं ऐकू यायला फार ऊर्जा लागते, त्यामुळे जागा तेच खातात. आधी पखवाजाच्या ट्रॅकवरच हलका कॉम्प्रेसर (मोठा आवाज आवरणारं साधन), २-३ डीबी पुरे. बसवर (एकत्र जोडलेल्या ट्रॅकवर) कॉम्प्रेसर असेल तर त्याच्या साइडचेनला (ज्या आवाजावरून तो दाबायचं ठरवतो त्याला) १०० ते १२० वर हाय-पास, म्हणजे तो धुमेच्या तालावर हलणार नाही. मास्टरवर २५-३० च्या खाली हलका हाय-पास, एसीची घरघर जाईल. फार तीव्र उताराचा नको. त्याने फेज (लहरींची आपसातली वेळ) फिरतो आणि कापूनही पीक उलट वाढलेले दिसतात. लिनिअर फेज (फेज न फिरवणारा प्रकार) लावला तर थापेच्या आधीच बारीक हुंकार ऐकू यायचा धोका.

आवाज ओढून मोठा करण्याच्या मागे लागू नका. यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सच्या (सरासरी मोठेपणाचं माप) पातळीवर गाणं खाली आणतात. त्या मापनात खालच्या स्वरांचं वजन मुद्दाम कमी धरलेलं आहे, त्यामुळे जादा खर्जाने आकडा फारसा वाढत नाही, पीक मात्र भरतात. ट्रू पीक (लहरीचं खरं सर्वांत उंच टोक) उणे १ डीबीवर ठेवा.

देवळासाठी वेगळी फाइल करा. कर्ण्याच्या युनिटला २५० च्या खालचं दिलं तर ते वाजत तर नाहीच, पण पडदा हलून हलून युनिट फाटतं. मोनो करा, २५० च्या खाली कापा, सॅच्युरेशनची नक्कल थोडी वाढवा, टाळ २ डीबी कमी. एकादशीच्या पहाटे काकडा लागेल तेव्हा शब्द लांबवर स्पष्ट पोचले पाहिजेत.

जुनी_तबकडी

मोनोचा विषय निघालाच आहे तर: पुढेमागे कुणी हे तबकडीवर काढायचं म्हटलं तर १५० च्या खालचं सगळं मध्यभागी ठेवा. डाव्या-उजव्यात उलट्या फेजचा बास असेल तर सुई खाचेत वर-खाली उडते. १९५४ पासून रूढ असलेल्या आरआयएए वक्रात (तबकडी कोरतानाचा ठरलेला ईक्यू) २० हर्ट्झ साधारण १९ डीबीने कमी करूनच कोरतात आणि वाजवताना परत वाढवतात. खाच रुंद होऊन जागा संपू नये म्हणून.

अभंगरंग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पखवाजवादकांना विनंती केली, ते आनंदाने आले. आधी स्वीप घेतली. कोपऱ्यात ७८ ते ८२ चा डोंगर स्पष्ट दिसला. टेबल बाहेर काढलं, एक-तृतीयांशावर गालिचा टाकला, माइक १३ इंचांवर, एसी बंद, दार उघडं. मृदंगसेवा यांचा प्रतिसाद वादकांना वाचून दाखवला. त्यांनी कणीक ओल्या फडक्याखाली ठेवली आणि दोन्ही अभंगांआधी धूम तानपुऱ्याशी मिळवली.

गाडीत ऐकलं. फुगवटा गेला. 'धा' सुटा पडतो आणि दुगुनीत बोल मोजता येतात. पेटीचं दबणंही निम्म्याहून कमी झालं, लिमिटर फार कमी लागतोय. फोनसाठीची नक्कल आज करतो.

एक शेवटचं. तानपुऱ्याच्या ट्रॅकवर मी सवयीने ८० ला लो-कट (त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर) लावलाय, सगळीकडे तसंच सांगतात. तो चालेल का?

खर्जसाधक

काढा तो. काळी एकच्या तानपुऱ्यात खर्जाची तार ६९ वर आहे, काळी दोनमध्ये ७८ वर. ८० चा कट दोन्ही तारांच्या मुळावर बसतो. त्या तारेचा मूळ सूर क्षीण असतो आणि मुख्य गुंजन वरच्या उपस्वरांत असतं हे खरं, पण पखवाज त्याच षड्जाला मिळवलाय, त्याला खाली तानपुऱ्याचा आधार हवा. ४० वर हलका उतार ठेवा, बस. गायकाच्या ट्रॅकवर ८० चालेल, मात्र खर्जातल्या जागा घेणारे गायक असतील तर तिथेही एकदा कट बंद-चालू करून ऐका. आणि ५० हर्ट्झची विजेची घुरघुर तानपुऱ्याच्या ट्रॅकमध्ये दिसली तर ती कटने झाकू नका, केबल आणि अर्थिंग तपासा. तिचे १०० आणि १५० चे भाऊ वर शिल्लक राहतातच.